वयात येणे: भीती कशाची, काळजी कशाची

बापाची चप्पल मुलाच्या पायात बसू लागली की घरातली त्याच्याशी बोलण्याची रीत बदलते. मुलीच्या बाबतीत हा बदल आधी येतो आणि एका दिवसात येतो. ‘शहाणी झाली’, ‘न्हाण आलं’, ‘पदर आला’ हे सगळे शब्दप्रयोग एकाच घटनेचे, पहिल्या पाळीचे. मुलाला मिसरूड फुटते, त्याचा आवाज फुटतो, आणि त्यापुढे भाषा गप्प बसते. जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके याला अपवाद नाहीत. आजीच्या तोंडी ‘कावळा शिवला’, आईच्या तोंडी ‘अडचण’, शाळकरी मुलीच्या तोंडी ‘प्रॉब्लेम’. तीन पिढ्यांत शब्द बदलले, नाव न घेण्याची सोय मात्र तिघींनी जपली.

या शब्दांमुळे एक गैरसमज मुळातच रुजतो: वयात येणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. प्रत्यक्षात ती काही वर्षे चालणारी प्रक्रिया आहे आणि तिची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग लहानपणी या बाबतीत जवळजवळ निजलेला असतो. मग तो जागा होतो आणि आधी फक्त रात्री, झोपेत, पुढे दिवसाही ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडू लागतो. त्याच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी आणि तिच्या इशाऱ्यावर मुलीची अंडाशये किंवा मुलाची वृषणे कामाला लागतात. मुलींत पहिली खूण बहुधा ८ ते १३ या वयात दिसते. ती म्हणजे स्तनाग्राखाली हाताला लागणारी बोराएवढी गाठ. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. मुलांत ९ ते १४ या वयात आधी वृषणे वाढतात. ही खूण घरच्यांना दिसत नाही, खुद्द मुलाच्याही ध्यानात येत नाही. मिसरूड, आवाज, उंची हे सगळे त्यानंतरचे. त्यामुळे मुलगे फारच उशिरा वयात येतात असे गावाला वाटते. सुरुवातीतले खरे अंतर सहा महिने ते वर्षभराचे असते.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी हार्पेंडन येथील बालगृहातील मुलामुलींची वाढ वर्षानुवर्षे मोजली आणि डब्ल्यू. ए. मार्शल यांच्यासह १९६९ मध्ये मुलींच्या, १९७० मध्ये मुलांच्या बदलांचे पाच टप्पे मांडले. आज जगभरचे डॉक्टर हेच टप्पे वापरतात. या कामातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. बदलांचा क्रम बहुतेकांत सारखा असतो, पण तो सुरू होण्याचे वय आणि पुढे सरकण्याची गती यांत चार-पाच वर्षांचा फरक पडू शकतो. सातवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मैत्रिणींपैकी एक आईच्या खांद्याला लागलेली आणि दुसरी अजून फ्रॉकात शोभणारी असेल, तर दोघीही निरोगी असण्याचीच शक्यता जास्त. पण पहिलीला आपण फार लवकर ‘मोठ्या’ झालो याची लाज वाटते आणि दुसरीला आपल्यात काही कमी आहे अशी भीती. या वयातल्या शंकांपैकी फार मोठा भाग या एका तुलनेतून जन्मतो.

मराठीत या वयाला ‘पौगंडावस्था’ म्हणण्याची पाठ्यपुस्तकी प्रथा आहे. जुन्या वैष्णव ग्रंथांच्या गणनेत पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षांचे वय, त्यानंतर येते ते कैशोर. म्हणजे आपण वयात येण्याला जे भारदस्त नाव दिले तेही नेमके आधीच्या वयाचे. ‘किशोरवय’ हा शब्द सोपा आहे आणि बरोबरही. जुन्नर-आंबेगावातल्या मुलामुलींच्या शंकांना उत्तरे देणाऱ्या या पुस्तकात तोच वापरला आहे.

या विषयाचा महाराष्ट्रातला इतिहास डॉक्टरांपेक्षा आधी शास्त्री, समाजसुधारक आणि वकील यांच्या हातांत गेला. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीला थांबते असे म्हटले आहे. सोळा वर्षांखालच्या मुलीला गर्भ राहिल्यास काय अनर्थ ओढवतो, याचा इशाराही तिथेच आहे. पुढच्या काळाने पहिले विधान लक्षात ठेवले आणि दुसरे सोयीने विसरले. पाळी आली की मखर, ओटी, गर्भाधान असा विधी ठरला, म्हणजे शरीराची एक खूण थेट संसाराची परवानगी ठरली. रखमाबाईंनी याच हिशेबाला नकार दिला. अकराव्या वर्षी झालेले लग्न मानायला त्या तयार नव्हत्या. १८८४ मध्ये सुरू झालेला नवऱ्याचा त्यांच्यावरचा दावा १८८८ मध्ये तडजोडीने मिटला, त्या पुढे डॉक्टर झाल्या, आणि त्या खटल्याने तापलेल्या वातावरणात १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. कायद्याने शरीरसंबंधाला संमतीचे वय १० वरून १२ केले, एवढेच. तेवढ्यासाठी पुण्यात रणे माजली. टिळकांनी परक्या सरकारचा हस्तक्षेप म्हणून विरोध केला, तर रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचाच आधार घेऊन सुधारकांची बाजू मांडली.

त्या वादात दोन्ही बाजूंना मान्य असलेला एक समज होता: उष्ण देशांतल्या मुली लवकर वयात येतात. हा समज इथला नव्हे. फ्रान्सच्या मोंतेस्क्यूने १७४८ मध्ये तो ग्रंथात लिहून ठेवला होता. पुढच्या मोजणीने तो टिकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उत्तर युरोपातल्या मुलींना पहिली पाळी सोळा-सतराच्या आसपास येत होती. शंभर वर्षांत ते वय तेराच्या घरात आले. तिथली थंडी होती तिथेच राहिली, सुधारले ते अन्न आणि कमी झाले ते आजार. हाच न्याय इथे लावला तर घराघरांत ऐकू येणारी ‘हल्लीच्या मुली टीव्ही बघून लवकर मोठ्या होतात’ ही तक्रार वेगळ्या प्रकाशात दिसते. पोटभर खाणारी, गोवर-जुलाबातून वाचलेली मुलगी आजीपेक्षा लवकर वयात येणारच. अलीकडे त्यात लहानपणीच्या स्थूलतेची भर पडली आहे, ती मात्र काळजीची बाब.

मुलांचा प्रश्न न्यायालयात गेला नाही. तो तालमीत आणि वैदूच्या पालावर सोडवला गेला. आयुर्वेदात रसापासून शुक्रापर्यंत सात धातूंची कल्पना आहे. लोकांच्या तोंडी तिचे रूप झाले, शेकडो थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब. शतकानुशतकांच्या या धारणेला युरोपातून अनपेक्षित साथ मिळाली. तिसो या स्विस डॉक्टरच्या १७६० च्या पुस्तकाने हस्तमैथुनामुळे अंधत्वापासून वेडापर्यंत सगळे होते असे सांगितले, आणि ती भीती दीडशे वर्षे पाश्चात्त्य वैद्यकातही मुरून राहिली. वसाहतीच्या काळात दोन्ही प्रवाह एकत्र आले. लंगोटाचा पक्का असणे हे कुस्तीगिराच्या शिस्तीचे लक्षण होते, त्याचे चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी वैद्यकीय फर्मान झाले. १९६० मध्ये मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी या भीतीतून येणाऱ्या थकव्याला, डोकेदुखीला, खिन्नतेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. म्हणजे झोपेत वीर्य जाण्याने कोणी आजारी पडत नाही, त्याच्या भीतीने पडतो.

मराठीत हे आधी सांगणारे गृहस्थ गणिताचे प्राध्यापक होते. र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील नोकरी गमावली आणि १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळजवळ एकहाती चालवले. वाचकांच्या शंकांना मासिकातून दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे खटला हरले. त्या शंका आज वाचल्या तर आश्चर्य वाटते ते कर्व्यांच्या धाडसाचे कमी, आणि शंका बदलल्या नाहीत याचे जास्त.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या विषयाला महाराष्ट्रात तीन वेगळ्या दिशांनी धक्का मिळाला. पहिली दिशा मोजमापाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन. पण वजनाने कमी असलेल्या या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. ही मुले पुढे वयात येईपर्यंत आणि त्यानंतरही अभ्यासली गेली. किशोरवयाची शिदोरी आईच्या पोटातच बांधली जाते, हे त्यातून ठळक झाले. पुण्याच्याच जहांगीर रुग्णालयातील डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या कामातून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वयाचे वाढीचे तक्ते २०१५ मध्ये आले. आपल्या मुलाची उंची ‘बरोबर’ आहे का, याचे उत्तर परदेशी तक्त्यात शोधण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

दुसरी दिशा गावातल्या बाईच्या तपासणीची. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दुखणे सोसण्याची ही सवय पहिल्या पाळीच्या वेळीच लागते. त्यातूनच पुढे बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेचा तरुणांसाठीचा ‘तारुण्यभान’ हा उपक्रम उभा राहिला. मराठवाड्यात पाचोडच्या एका संस्थेने किशोरींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवून लग्नाचे वय पुढे ढकलता येते हे दाखवले. तिसरी दिशा स्त्रीमुक्ती चळवळीची. पुण्यातील ‘तथापि’ सारख्या संस्थांनी ‘शरीर साक्षरता’ हा शब्द रुजवला. वाचता येते तसे आपले शरीरही वाचता आले पाहिजे, हा त्यामागचा साधा आग्रह.

सरकारची वाटचाल दोन पावले पुढे, एक मागे अशी झाली. शाळांतून किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००५ मध्ये आला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो थांबवला. चित्रे अश्लील आहेत, ही मुख्य हरकत होती. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. १० ते १९ वयोगटाच्या आहारापासून मनःस्वास्थ्यापर्यंत सहा विषय त्यात आले. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या सल्ला केंद्रांना ‘मैत्री’ हे नाव मिळाले. नाव चांगले आहे. अडचण इतकीच की केसपेपर काढताना ओळखीचे कोणी भेटेल, या धास्तीने मुले तिथवर पोचत नाहीत.

आता प्रत्यक्ष शंका. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी गोष्टींविषयी असतात. मुलीच्या एका बाजूला गाठ आधी येते, दुसरीकडे काही महिन्यांनी, ती दुखतेही. घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. पूर्ण वाढीनंतरही दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसणे हेच सर्वसामान्य आहे. तशीच गाठ किशोरवयातल्या निम्म्याच्या आसपास मुलांनाही येते, आणि बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत विरून जाते. पण तोवर मुलगा पोहायला जाणे सोडतो, शर्टाखाली घट्ट बनियन घालतो, आणि कोणालाही विचारत नाही. दोन वृषणांपैकी एक थोडे खाली असणे किंवा अवयवांचा आकार मित्रापेक्षा वेगळा असणे, यात आजार नाही. पहिली पाळी येण्याआधी सहा महिने ते वर्षभर पांढरे पाणी जाऊ लागते, हीदेखील वाढीचीच खूण. ‘पांढरं गेलं की हाडं झिजतात’ हा समज मात्र इतका घट्ट आहे की मुलीला टॉनिकच्या बाटल्या सुरू होतात. खाज, दुर्गंधी किंवा रंग बदलला तरच त्याला उपचार लागतात.

पाळीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत महिना चुकणे नेहमीचेच, कारण दर महिन्याला अंडे तयार होण्याची घडी अजून बसलेली नसते. या वयात दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर असू शकते. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, अर्धा कप चहाहूनही कमी. ते ‘घाण रक्त’ नसते. ते गर्भाशयाचे गळून पडलेले अस्तर आणि शिरांतले तेच रक्त असते. शहरी डॉक्टरांकडे हल्ली दुसरेच टोक दिसते: पाळी दोनदा चुकली की सोनोग्राफी आणि ‘पीसीओडी’ चा शिक्का. पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

उंचीचे गणित मुलांना सगळ्यात जास्त छळते. सर्वांत वेगाने वाढण्याच्या वर्षात मुलगी सुमारे ८ सेंटिमीटर आणि मुलगा ९ ते १० सेंटिमीटर वाढतो, फक्त मुलाचे ते वर्ष साधारण दोन वर्षे उशिरा येते. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची बहुधा आणखी ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे पट्टे एकदा सांधले की लटकणे, पावडरी, मसाज यांनी काही होत नाही. तरी उंची वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिराती सुरूच आहेत. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्यात उंची, स्तनांचा आकार आणि पाळीच्या तक्रारी यांवरच्या औषधांची जाहिरात करण्याला बंदी आहे. एसटी स्थानकाबाहेरच्या भिंती वाचल्या तर हा कायदा कोणी वाचला असावा असे वाटत नाही. आता भिंतीची जागा मोबाइलने घेतली आहे. त्यात गोरेपणाच्या मलमांची भर पडली. दुकानात सहज मिळणाऱ्या काही मलमांत स्टिरॉइड असते. त्याने चार दिवस चेहरा उजळतो, आणि मग त्वचा पातळ होऊन पुटकुळ्या दुप्पट येतात.

भीती अशा निरुपद्रवी गोष्टींवर खर्ची पडते आणि खऱ्या धोक्याकडे लक्ष जात नाही, ही या विषयाची मुख्य शोकांतिका आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. याच वयाच्या मुलांत ते प्रमाण ३१.१ टक्के होते. दम लागणारी, वर्गात पेंगणारी, माती-खडू खाणारी मुलगी ‘आळशी’ ठरते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळते म्हणून मुली ती कंपासपेटीत साठवतात किंवा खिडकीबाहेर टाकतात. ती मूल न होण्याची गोळी आहे, अशी अफवाही अधूनमधून उठते. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, तो धोक्याचा नाही. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, लिंबाने लोह चांगले शोषले जाते, आणि लगेच चहा घेतला तर गोळी वाया जाते. एवढी चार वाक्ये गोळीबरोबर कोणी सांगितली तर पेट्या रिकाम्या होतील.

दुसरा दुर्लक्षित धोका मुलांचा आहे. वृषणाला अचानक पीळ बसून असह्य वेदना होणे हा आणीबाणीचा प्रसंग आहे आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच अवयव वाचण्याची खात्री असते. बारा ते अठरा हे त्याचे नेमके वय. आहुप्यासारख्या कड्यावरच्या गावातून मंचरपर्यंत पोचायलाच वेळ जातो. त्यात मुलाने लाजेने रात्र काढली, तर सकाळी फारसे काही हातात राहत नाही. तशीच एक मुलींची गोष्ट: सगळी वाढ झाली, पाळी नाही, पण दर महिन्याला पोट दुखते. अशा वेळी वाट अडलेली असू शकते आणि लहानशा शस्त्रक्रियेने ती मोकळी होते. पोटाला शेक देत बसल्याने नव्हे.

जुन्नर-आंबेगावाची स्वतःची अशी काही परिस्थिती या सगळ्याला वेगळा आकार देते. दोन्ही तालुके पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेच्या बागायतीपर्यंत पसरले आहेत. पश्चिमेचा डोंगरी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी या समाजांची वस्ती आहे, भात, नाचणी, वरई ही पिके आहेत आणि हिरडा हे हाती पैसा देणारे झाड. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत अनेक मुली घराबाहेर राहून शिकतात. त्यांच्यातल्या कित्येकींना पहिली पाळी आईजवळ येत नाही, ती वसतिगृहाच्या खोलीत येते. म्हणून या भागात आईइतकीच अधीक्षिकाही या विषयाची पहिली शिक्षिका असते, मग तिची तयारी असो वा नसो.

भीमाशंकरच्या परिसरात जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही. धुतलेले सुती कापड उन्हात वाळवून वापरले तर त्यात काही वावगे नाही, पण पावसाळ्यात ते चुलीजवळ किंवा कपड्यांखाली दडवून अर्धओले वाळते. एप्रिल-मेमध्ये त्याच गावांत धुवायला पाणी नसते. सॅनिटरी पॅडने हा प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो: वापरलेले पॅड टाकायचे कुठे? त्यात वापरलेले कापड सापाने हुंगले तर मूल होत नाही, यासारखे समज आहेतच. पूर्वेला नारायणगाव, आळे, मंचर इकडच्या बागायतीत ऊस आहे आणि उसात बिबट्या. रात्री-पहाटे बाहेर जाण्याची भीती इथे खरी आहे. ज्या घरात शौचालय नाही किंवा असून पाणी नाही, तिथल्या मुली संध्याकाळनंतर पाणी पिणेच कमी करतात. ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांच्या मुलींचे हाल त्याहून मोठे. दर हंगामात शाळा सुटते, आणि नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने लग्न लवकर उरकते. राज्यात २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित सर्व स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते, असे २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. पाळी आली म्हणजे शरीर बाळंतपणाला तयार झाले, हा सुश्रुताचा इशारा विसरलेला समज इथे अजून जिवंत आहे. ओटीपोटाच्या हाडांची वाढ पाळीनंतरही काही वर्षे चालू असते.

या भागाजवळ काही नाही असे मात्र नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडे भरण्याच्या वयात महागड्या डब्यातल्या पावडरीला हे उत्तर घरातच आहे, फक्त गव्हाच्या पोळीपुढे भाकरी कमीपणाची वाटू लागली आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून शाळकरी मुलांना हाताने शिकण्याचा जो मार्ग दाखवला, त्यात रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणेही आहे. स्वतःच्या रक्ताचा आकडा स्वतः काढलेल्या मुलीला रक्तक्षय समजावून सांगावा लागत नाही.

प्रस्तुत पुस्तक याच वाटेवर राहते. त्यात शरीरशास्त्राचा धडा आधी आणि शंका नंतर असा क्रम नाही. शंका आधी घेतली आहे, ती मुले ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत, आणि शास्त्र तिच्या मागून आले आहे. जिथे काही करायचे नाही तिथे ‘काही करू नका’ असे स्पष्ट लिहिले आहे. वैद्यकीय पुस्तकांना हे वाक्य जड जाते. जिथे डॉक्टर लागतो तिथे मर्यादा आकड्यात सांगितल्या आहेत: मुलीत आठच्या आत किंवा मुलात नऊच्या आत सुरू झालेले बदल, तेराव्या वर्षापर्यंत मुलीत आणि चौदाव्यापर्यंत मुलात एकही खूण नसणे, पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न येणे, आठ दिवसांहून लांबलेला किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजवणारा स्राव. जुन्या रूढींची खिल्ली पुस्तकात उडवलेली नाही. ‘बाहेर’ बसलेल्या बाईला निदान चार दिवस ओझ्यापासून सुटका मिळे, असे म्हणणाऱ्या आज्यांचे म्हणणे नोंदवले आहे, आणि त्या सुटकेची किंमत काय होती तेही.

पुस्तक डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही, आणि मनाच्या तक्रारींविषयी त्याने आखडता हात घेतला आहे. तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे. मोबाइलवर दिसणाऱ्या अश्लील चित्रफितींविषयीचा भाग मात्र वगळलेला नाही. मुले त्या पाहतात, आणि तिथल्या शरीरांशी स्वतःची तुलना करतात. हे माहीत नसल्याचे सोंग मोठ्यांनाच परवडते.

शिक्षकांना एकच विनंती. दहावीच्या विज्ञानातले पुनरुत्पादनाचे प्रकरण ‘घरी वाचून या’ म्हणून उलटले जाते, तसे या पुस्तकाचे होऊ नये. ते कुलूपबंद कपाटात ठेवू नये, मधल्या सुट्टीत कोणाला न विचारता उचलता येईल अशा फळीवर ठेवावे. वसतिगृहांत मुलांची प्रत वेगळी, मुलींची वेगळी ठेवायला हरकत नाही. मात्र मुलांच्या प्रतीतून पाळीचे प्रकरण फाडलेले नसावे.